फोन देवळीत, हात मोकळे

मी अंगणवाडी सेविका आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव, दोनशे-सव्वादोनशे उंबऱ्यांचं, चहूकडून पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. फोन पाहणं कमी कसं केलं ते सांगायचं आहे, पण माझं काम फोनवर चालतं हे आधीच सांगून ठेवते, कारण 'फोन बंद करून ठेवा' असा सल्ला मलाही मिळाला होता आणि तो माझ्या कामाचा नव्हता. 2021 पासून आमचं पोषण ट्रॅकर फोनवर आलं. लेकरांची हजेरी, वजन-उंची, घरी न्यायचा आहार, गरोदर बायांची नोंद, सगळं त्यातच. शिवाय बँकेचा ओटीपी, ह्यांच्या पीएम किसानच्या हप्त्याचा मेसेज, कापसाचा भाव, पावसाचा अंदाज. फोन पेटीत टाकून आमच्यासारख्यांचं घर चालत नाही.

तरी मागच्या कार्तिकात एक संध्याकाळ अशी आली की काहीतरी करणं भाग पडलं. चुलीवर तुरीचं वरण शिजत होतं. धाकटा पाचवीत आहे, तो बाजूला बसून शाळेतलं काहीतरी सांगत होता. मी हूं हूं करत होते आणि अंगठा रील्सवर चालला होता. बोलता बोलता तो थांबला. म्हणाला, "आई, तू आयकूनच नाई राह्यली." आणि उठून ढोरांकडे गेला. रुसला नाही, भांडला नाही. त्याला ह्याची सवय झालेली होती, हे मला फार लागलं. तो काय सांगत होता ते मला आजही माहीत नाही, आणि मी फोनमध्ये काय पाहत होते तेही आठवत नाही.

त्याला आठ महिने झाले. जे केलं ते ज्या क्रमाने केलं तसं सांगते. माझ्यासारखं ज्यांचं पोट फोनवर आहे त्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

आधी रजिस्टर

रजिस्टर भरणं माझ्या हाडात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली. पोरीच्या जुन्या वहीचं मागचं पान घेतलं आणि तीन रकाने पाडले: किती वाजता फोन उचलला, कशासाठी उचलला, काय करून ठेवला. चारच दिवस लिहिलं. जोडीला फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' शोधलं. अँड्रॉइड फोनमध्ये ते असतं. आज कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला आणि फोन किती वेळा उघडला हे तिथे दिसतं.

माझा आकडा निघाला दिवसाचे 4 तास 10 मिनिटं. त्यात अंगणवाडीचं काम जेमतेम 50 मिनिटांचं. हा आकडा पाहून मी रात्री झोपले नाही. पण खरी गोष्ट वहीने सांगितली. 'कशासाठी उचलला' ह्या रकान्यात बहुतेक जागी 'ग्रुपवर मेसेज' होतं आणि 'काय करून ठेवला' ह्यात 'रील'. म्हणजे मी कामासाठीच फोन उचलत होते. बैठकीचा निरोप वाचायला अर्धं मिनिट लागायचं आणि तिथून अंगठा आपोआप दुसरीकडे वळायचा. काम हे दार होतं आणि त्या दाराने बाकी सगळं आत येत होतं.

तुम्हीही चार दिवस हे लिहून पाहा. कमी करायचा प्रयत्न त्या चार दिवसांत करू नका, नाहीतर वही खोटी होईल. प्रत्येकाचं दार वेगळं असतं. आमच्या शेजारणीचं दार कापसाचा भाव हे निघालं. भाव पाहायला यूट्यूब उघडायचं आणि तासाने बंद करायचं.

अंगठा का थांबत नाही हेही मी शोधलं. पूर्वी इंटरनेटवरचं पान संपायचं आणि पुढच्यासाठी बटन दाबावं लागायचं. 2006 मध्ये अझा रॅस्किन नावाच्या माणसाने असं पान तयार केलं की ते संपतच नाही, खाली सरकवत राहा, नवं येतच राहतं. पुढे त्याला स्वतःलाच ह्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीरपणे बोलून दाखवला. मी वेचणीला गेलेली बाई आहे. पऱ्हाटीच्या तासाला, म्हणजे ओळीला, शेवट असतो. तास संपला की कंबर सरळ करायची, पाणी प्यायचं, ओटी रिकामी करायची. रील्सच्या तासाला धुराच नाही, म्हणून कंबर सरळ करायची वेळच येत नाही. हे कळल्यावर मी स्वतःला आळशी म्हणणं सोडलं. जिथे शेवट नाही तिथे शेवट आपण आणून ठेवायचा, एवढंच पुढचं सगळं काम होतं.

देवळी

आमचं घर जुनं, मातीच्या भिंतीचं. दाराजवळ भिंतीत एक देवळी आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे रॉकेलची चिमणी ठेवत. बिजलीचा बोर्ड तिच्या शेजारीच आहे. मी चार्जर कायमचा तिथे लावला आणि ठरवलं, घरात असताना फोन देवळीत. पाहायचा असला तर तिथे जाऊन, उभ्यानेच पाहायचा, आणि परत तिथेच ठेवायचा. फोन घेऊन बाजेवर बसायचं नाही.

एवढ्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला. उभं राहून रील पाहायला पाय दुखतात. मेसेज वाचून होतो, उत्तर देऊन होतं, आणि चुलीवरचं वरण हाक मारतं. देवळी नसली तर फळी चालेल, दाराचा खिळा आणि कापडी पिशवी चालेल. फक्त बसल्या जागेवरून हात पुरायला नको आणि चार्जरची वायर बाजेपर्यंत पोचायला नको. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात लांब वायरचं एक्स्टेंशन निघालंच, ते मी ह्यांच्याकडून परत कोठीत ठेववलं.

रिंग मोठी करून ठेवा म्हणजे फोन आला तर परसातूनही ऐकू येतो. माझ्याकडे रात्री बाळंतपणाचा फोन येऊ शकतो, म्हणून रिंग मी कधीच बंद करत नाही. बंद करते ती मेसेजची टिंगटिंग.

झोपायच्या खोलीत फोन न्यायचा नाही म्हटलं की सगळे एकच विचारतात, मग सकाळी उठायचं कसं? गजराचं घड्याळ घ्या. तालुक्याच्या बाजारात मिळतं, सेलवर चालतं. पहाटे फोनचा गजर बंद करायला हात गेला की तो मेसेज पाहूनच परत येतो, आणि दिवसाची सुरुवात कोणाच्या तरी वाढदिवसाने होते.

ह्यांचा प्रश्न वेगळा होता. मोटरीची लाइन कधी दिवसाची, कधी रात्रीची. रानडुकरांमुळे जागलीलाही जावं लागतं. मचाणावर रात्रभर एकटा माणूस, हातात फोन, मग काय होणार? सकाळी डोळे लाल आणि बॅटरी संपलेली. त्यांना देवळीचा नियम सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही एक साधा बटनाचा फोन घेतला. वावरात तोच जातो. बॅटरी चार-पाच दिवस टिकते, टॉर्च आहे, आणि बोलता येतं. मोठा फोन देवळीत राहतो. पहिले काही दिवस ते कंटाळले, मग जुना रेडिओ न्यायला लागले.

व्हॉट्सअ‍ॅपची निंदाई

मी 31 ग्रुपमध्ये होते. सगळे सोडता येत नाहीत, नात्यातले ग्रुप सोडले तर लोक मनाला लावून घेतात. म्हणून सोडले नाहीत, गप्प केले. ग्रुपवर बोट दाबून धरायचं, म्यूट करायचं आणि 'नेहमीसाठी' निवडायचं. मग ते अर्काइव्हमध्ये टाकायचं, म्हणजे डोळ्यासमोरून जातात आणि कोणाला कळतही नाही. आवाज फक्त दोन ग्रुपना ठेवला, आमच्या बीटचा, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा, आणि पोरीच्या शाळेचा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत 'ग्रुप्स' म्हणून आहे, तिथे 'माझे कॉन्टॅक्ट्स' निवडलं की अनोळखी माणूस आपल्याला कोणत्याही ग्रुपात ओढू शकत नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, त्याने डेटा वाचला आणि फोनही हलका झाला.

पर्यवेक्षिका मॅडमशी बोलायला मी घाबरत होते. एका बैठकीनंतर धीर करून सांगितलं, "मॅडम, मी ग्रुप सकाळी साडेसातला, दुपारी दीडला आणि संध्याकाळी पाचला पाहीन. तातडीचं असलं तर फोन लावा, मी उचलीनच." त्या म्हणाल्या, "ठीक आहे." एवढंच. ज्या गोष्टीची मला दोन वर्षं धास्ती होती ती दोन शब्दांत मिटली. आठ महिन्यांत तातडीचे फोन मोजून सहा आले. तुमचं काम ग्रुपवर चालत असेल तर वरच्या माणसाशी हे एकदा तोंडाने बोलून घ्या. न सांगता उशिरा उत्तर दिलं की कामचुकारपणा वाटतो, सांगून दिलं की शिस्त वाटते.

अ‍ॅपवर वेळेची मर्यादा लावता येते, डिजिटल वेलबीइंगमध्येच. मी लावली, पण वेळ संपली की मीच जाऊन वाढवायची, म्हणून माझ्यापुरता तो उपाय फसला. त्यापेक्षा फेसबुक आणि इन्स्टाग्राम फोनमधून काढून टाकलं. खातं तसंच आहे, आत जायचं असलं तर परत उतरवावं लागतं, पासवर्ड टाकावा लागतो, आणि तेवढ्यात मन माघारी येतं. यूट्यूब काढता येत नव्हतं, कारण लेकरांची बडबडगीतं मी तिथूनच शिकते. तिथे वॉच हिस्टरी थांबवून जुनी पुसून टाकली. त्यानंतर उघडल्यावर समोरचं पान जवळजवळ रिकामं येतं. जे पाहिजे ते नाव टाकून शोधायचं आणि पाहून बाहेर पडायचं. ज्यांना भाव पाहता पाहता तास जातो त्यांनी हे नक्की करावं. संध्याकाळी साडेआठनंतर माझा फोन काळापांढरा होतो, बेडटाइम मोडमध्ये ती सोय आहे. रंग गेले की निम्मी ओढ जाते.

घास आणि फोन

ह्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण हे मी रोज पाहते.

आमच्या अंगणवाडीच्या यादीत एक मुलगा आहे, तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांचा. दोन महिने त्याचं वजन जागचं हललं नव्हतं. घरी गेले तेव्हा त्याची आई त्याला जेवू घालत होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला, त्यावर गाणं चालू. आई घास पुढे करायची, तो न पाहता तोंड उघडायचा. चावत नव्हता, गालात धरून ठेवायचा. घास कशाचा आहे हे त्याला माहीतच नव्हतं. पाच-सहा घासांनंतर त्याने तोंड घट्ट मिटलं, तेव्हा तिने दुसरं गाणं लावलं.

"बाई, मोबाईल नाई देला तं तो घासच घेत नाई. मी काय करू, सांगा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वेचणीला जायचं होतं, दहा मिनिटांत लेकराला खाऊ घालून मोकळं व्हायचं होतं. तिला दोष देणं सोपं आहे, मी दिला नाही.

आम्ही तीन आठवडे जे केलं ते असं. फोन एकदम हिसकला नाही. पहिले चार दिवस गाणं लागायचं, पण फोन पालथा ठेवायचा, नुसता आवाज. पाचव्या दिवसापासून सकाळच्या जेवणाला फोन बंद, कारण सकाळी फोन तसाही बापाबरोबर वावरात जायचा आणि 'बाबा घेऊन गेले' हे लेकराला पटायचं. गाणं आजी म्हणू लागली. जेवण घरातून उंबऱ्यावर आणलं, तिथून बकरी दिसते. छोट्या ताटलीत मऊ वरणभात कालवून त्याच्यासमोरच ठेवला आणि त्याच्या हाताने खाऊ दिला. अर्धा भात अंगावर सांडायचा, सांडू दिला. त्याने मान फिरवली की जेवण संपलं, मागे लागायचं नाही. मधल्या वेळेत बिस्किटं बंद, म्हणजे पुढच्या जेवणाला भूक राहते.

आठव्या की नवव्या दिवशी संध्याकाळी तो फार रडला. आई फोन काढायला निघाली तेव्हा आजीनेच अडवलं. "उपाशी राह्यते का लेकरू? भूक लागन तं खाईन." त्या रात्री तो दोन घास खाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः ताटली ओढली. लेकरू खेळत असेल, पाणी पीत असेल, तर एखाद्या वेळी कमी जेवल्याने बिघडत नाही. मलूल दिसलं, ताप असला, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी दवाखाना.

पुढच्या वजनाला काटा 300 ग्रॅम वर गेला. एकट्या फोनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, आहारही आम्ही नीट केला होता. तो बोलतही फार कमी होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला येते, त्यांना दाखवला. त्यांनी कान तपासून घ्यायला सांगितलं, कान ठीक निघाले. आता आई वेचता-रांधता त्याच्याशी बोलत असते. बकरीला तो 'बकई' म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलं आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसात एक तासाच्या वर नको, त्यातही कमी तेवढं बरं. मी हे गृहभेटीत सांगते, पण आयांना पटतो तो उंबऱ्यावरचा वरणभात.

गल्लीची वेळ

पोरगी नववीत आहे. तिच्या शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मग तिला फोन नाकारणार कसा? आमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी घालणारा ठराव केला होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद होऊ लागले, मोठ्यांचेही. मला दुसरी वाट जवळची वाटली. पोरांना बंदी आणि मोठ्यांच्या हातात फोन, हे माझ्या घरात एक दिवसही टिकलं नसतं.

आमच्या गल्लीत आठ घरं आहेत. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होतेच, तीच वेळ धरली. प्रार्थनेची घंटा झाली की फोन देवळीत, पुढचा दीड तास. पोरीचा गृहपाठ ती आधीच वहीत उतरवून घेते. आठपैकी सहा घरं अजून पाळतात. क्रिकेटच्या दिवसांत चार उरली होती, तेव्हा कोणाला बोललो नाही, सामने संपल्यावर दोन घरं आपणच परत आली. तुम्ही करणार असाल तर अख्ख्या गावाचा ठराव करत बसू नका. तीन घरं धरा, आणि गावात जी वेळ आधीपासून ठरलेली आहे तिलाच हे बांधा.

त्या दीड तासात हात रिकामे राहिले तर फोन आठवतोच. सासूबाई रोज संध्याकाळी घरच्या कापसाच्या वाती वळतात. मी त्यांच्याजवळ बसायला लागले. सरकी काढून घेतलेला पेळू डाव्या हातात, चिमटीने धागा ओढायचा, तळहाताला चिमूटभर राख लावायची आणि मांडीवर वळायचा. पहिल्या दिवशी माझ्या वाती जाड आणि वाकड्या झाल्या. सासूबाईंनी काही न बोलता त्या उकलून परत माझ्या हातात दिल्या. आता शंभराची जुडी मी एका बैठकीत करते, आणि धाकटा समोर बसून बोलत असतो.

सवयीपलीकडे गेलं असेल तर

कोणी रात्ररात्र फोनवर पत्ते खेळत असेल, घरातले पैसे जात असतील, तर देवळीने भागणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली आहे, तरी कोणी लिंक पाठवली तर उघडू नका. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच 1930 ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं चांगलं. माणूस गप्प गप्प राहत असेल, झोपत नसेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्या भागात हे घराघराला माहीत असायला हवं. मी तो अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

माझा नियम मधे मोडलाही. पौषात वेचणीच्या गर्दीत पंधरा दिवस फोन परत बाजेवर आला होता. मी जुनी वही काढली आणि परत चार दिवस रकाने भरले, तेवढ्याने तो देवळीत गेला. आता डवरणीचे दिवस आहेत. काल आकडा पाहिला, 1 तास 35 मिनिटं, त्यातली 55 मिनिटं कामाची. धाकटा काल वाती वळताना सांगत होता की त्याच्या वर्गाच्या खिडकीत बुलबुलाने घरटं केलं आहे आणि गुरुजींनी ती खिडकी महिनाभर उघडायची नाही असं ठरवलं आहे. मी विचारलं, अंडी किती? तीन, म्हणाला.